टीचर, मग येशूचं वेगळं काय?

पत्र बरंच मोठं आहे, थोडं कमी करून देते:

"ताई, नमस्कार. मी वसईची, वय ३१, बँकेत नोकरी करते आणि दर रविवारी मिस्सा संपली की आमच्या चर्चमध्ये नववी-दहावीच्या मुलांना धर्मशिक्षण शिकवते. दोन आठवड्यांपूर्वी येशूचं डोंगरावरचं प्रवचन चालू होतं आणि नववीतला एक मुलगा उठून म्हणाला, टीचर, हे तर आम्हाला शाळेत मराठीच्या पुस्तकात पण होतं, जे का रंजले गांजले, तुकारामांनी पण हेच सांगितलंय, मग येशूचं वेगळं काय? मला काहीच सुचलं नाही, पुढच्या वेळी सांगते म्हणाले. घरी व्हिडिओ कॉलवर दादाला सांगितलं, तो दुबईला असतो, तर तो म्हणाला त्याला ठणकावून सांग की अशी शिकवण जगात दुसऱ्या कुठल्याच धर्मात नाही, वैऱ्यावर प्रेम करा असं दुसरं कोणी बोललंय का दाखव. ऑफिसमधल्या मित्राला विचारलं तर तो म्हणाला सगळे धर्म एकच सांगतात, आणि वर एक फॉरवर्ड पाठवला की येशू भारतात येऊन शिकून गेला. ताई, मला दोघांचंही पटत नाहीये पण का पटत नाहीये ते सांगता येत नाही. खरं सांगायचं तर भीती वाटतेय की वेगळं काहीच नसेल तर मी इतकी वर्षं काय शिकवतेय? आणि दुसऱ्या धर्मातलं मुलांना सांगितलं तर फादरांना काय वाटेल?"

अगं, तुला अगंतुगं करतेय, चालेल ना, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे. पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की तिघांचे प्रश्न वेगवेगळे आहेत आणि तू तिघांसाठी एकच उत्तर शोधतेयस म्हणून अडकलीयस. मुलाला समजून घ्यायचंय, दादाला जिंकायचंय, आणि तुझ्या मित्राला, तू लिहिलंयस त्यावरून तरी, विषय संपवायचाय. म्हणून मी मुलापासून सुरू करते.

मी स्वतः ख्रिस्ती नाही हे आधी सांगून टाकते. आमचं घर वारकरी, नगरचं, आजी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायची आणि समोरच्या वाड्यात एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहायचं, त्यांच्याकडे रविवारी नारायण वामन टिळकांची भजनं चालायची, पेटी आमच्यासारखीच, अभंगाची चालही ओळखीची, त्यामुळे लहानपणी मला बरेच दिवस वाटायचं की तेही हरिपाठच म्हणतात, फक्त त्यांचा विठ्ठल वेगळा आहे. टिळक म्हणायचे ना की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, ते वाक्य मोठेपणी वाचलं तेव्हा मला तो वाडाच आठवला. तुझ्या वर्गातला मुलगा त्याच पुलावर उभा आहे, फक्त दुसऱ्या टोकाकडून आलाय. त्याला ठणकावू नकोस गं, असा प्रश्न वर्षानुवर्षं शिकवूनही कोणी विचारत नाही.

आता त्याचा प्रश्न. पहिलं उत्तर सरळ हो असं दे. हो, तुझं बरोबर आहे, ही वाक्यं दुसरीकडेही आहेत. आणि हे म्हणताना तुला कमीपणा वाटायचं काही कारण नाही कारण येशू स्वतः तेच म्हणतो. बायबलात मत्तयच्या सातव्या अध्यायात बघ, लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं तुम्हाला वाटतं तसंच तुम्ही त्यांच्याशी वागा, हे सांगून तो पुढे काय म्हणतो, कारण नियमशास्त्र आणि संदेष्टे हेच आहेत. म्हणजे हे जुनंच आहे, तुमच्याच पोथीत आहे असं तो सांगतोय. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, हे जुन्या करारातल्या लेवीय १९ मधलं, येशूच्या कित्येक शतकं आधीचं, आणि त्याच अध्यायात पुढे परक्या माणसावरही स्वतःसारखी प्रीती कर असं आहे. येशूच्या एक पिढी आधी हिल्लेल नावाचा ज्यू गुरू होऊन गेला, त्याची गोष्ट ज्यूंच्या तालमुद ग्रंथात आहे, एक परका माणूस येऊन म्हणाला की मी एका पायावर उभा आहे तेवढ्या वेळात मला सगळा धर्म शिकव, तर हिल्लेल म्हणाला, तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याला करू नकोस, धर्म एवढाच, बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण, जा आणि शीक. महाभारतात शांतिपर्वात आहे, यद्यदात्मन इच्छेत तत्परस्यापि चिन्तयेत्, स्वतःसाठी जे जे हवंसं वाटतं ते दुसऱ्यासाठीही चिंतावं. चीनच्या कन्फ्यूशियसचं तर याच अर्थाचं वाक्य प्रसिद्धच आहे.

आणि दादाचा तो वैऱ्यावरच्या प्रेमाचा पॉइंट. धम्मपदात अगदी सुरुवातीला पाचवी गाथा आहे, न हि वेरेन वेरानि सम्मन्तीध कुदाचनं, वैराने वैर कधीच शमत नाही, अवैरानेच शमतं, हा सनातन धर्म आहे. चीनच्याच लाओत्सेच्या नावावरच्या ग्रंथात अपकाराची फेड चांगुलपणाने करा असं आहे. आणि आपलं पसायदान तर तुझ्या वर्गातल्या प्रत्येकाला पाठ असेल, जे खळांची व्यंकटी सांडो, तया सत्कर्मी रती वाढो. खळ मरोत असं माऊली मागत नाहीत, त्यांचा वाकडेपणा गळून पडो आणि त्यांनाच सत्कर्माची गोडी लागो असं मागतात, म्हणजे दुष्टासाठी देवाकडे मागणं. मत्तयच्या पाचव्या अध्यायात, तुमचा छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, याच्या इतकं जवळ जाणारं मी तरी दुसरं वाचलेलं नाही. तर दादाचं दाखव म्हणणं मी दाखवलं, आता त्याला वाईट वाटेल, त्याच्याकडे नंतर येते.

मित्राचा फॉरवर्ड मात्र दोन मिनिटांत संपवू. येशू भारतात आला ही गोष्ट १८९४ मध्ये नोतोविच नावाच्या एका रशियन माणसाने पुस्तक छापून पसरवली, लडाखच्या हेमिस मठात आपल्याला पोथी दाखवली असं त्याचं म्हणणं. संस्कृतचे अभ्यासक मॅक्स म्युलर यांनी तेव्हाच शंका काढल्या आणि १८९५ मध्ये डग्लस नावाचे एक प्राध्यापक स्वतः हेमिसला जाऊन आले, तिथल्या मुख्य लामाने सांगितलं की असं काही घडलंच नाही, अशी पोथीच नाही. तरी सव्वाशे वर्षं ती फिरतेच आहे. मला या फॉरवर्डचा राग येतो तो खोटेपणापेक्षा त्यामागच्या विचारामुळे, की चांगलं काही दिसलं की ते कोणाकडून तरी उचललेलंच असणार. तुकोबांनी बायबल वाचून रंजल्या-गांजल्यांना आपलं म्हटलं नाही आणि येशूने गाथा वाचून उपाशी माणसाला जेवू घाला म्हटलं नाही, भुकेलेला माणूस दोघांच्याही दारात होता.

पण मित्राचं दुसरं वाक्य, सगळे धर्म एकच सांगतात, हे मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण ऐकायला किती गोड आहे आणि त्यात वाचायचे कष्टच नाहीत. सगळे एकच सांगत नाहीत गं. कन्फ्यूशियसला कोणी विचारलं की अपकाराची फेड उपकाराने करावी का, तर तो म्हणाला, मग उपकाराची फेड कशाने करशील? अपकाराला न्याय दे आणि उपकाराला उपकार. हे येशूपेक्षा सरळ सरळ वेगळं मत आहे आणि विचार करण्यासारखं आहे. आणि लांब कशाला जायचं, आपले तुकोबाच बघ, भले तरी देऊ कासेची लंगोटी, नाठाळाचे माथी हाणू काठी. आणि इकडे येशू, एका गालावर मारलं तर दुसरा पुढे कर. लंगोटीपर्यंत दोघं बरोबर आहेत, अंगरखा मागितला तर झगाही दे असं येशूही म्हणतो, पण काठीपाशी वाट फुटते. मी वारकरी घरातली, मला तुकोबांची काठी पटते, आणि तरी काही प्रसंगी दुसरा गालच खरा वाटतो, आणि कधी कुठलं खरं हे मला साठीत पण नीट उलगडलेलं नाही. मुलांसमोर हा फरक मांड. त्यांना आवडेल, नववीतल्या मुलांना मारामारीचा प्रश्न रोजचा असतो.

आता मुलाच्या प्रश्नाचा दुसरा भाग, मग वेगळं काय. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

लूकचा दहावा अध्याय काढ. एक शास्त्री येशूची परीक्षा बघायला उभा राहतो, विचारतो, सार्वकालिक जीवन मिळवायला काय करू? येशू उलट विचारतो, नियमशास्त्रात काय लिहिलंय? आणि देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती कर, हे वाक्य तिथे कोण म्हणतं माहितीये ना? तो शास्त्री म्हणतो! समोरच्या पार्टीचा माणूस. येशू फक्त म्हणतो, बरोबर उत्तर दिलंस, असंच कर म्हणजे जगशील. मी हे वाचून कितीतरी वेळ पुस्तक मांडीवर ठेवून बसले होते कारण आपण ज्याला येशूची शिकवण म्हणून डोक्यावर घेतो ते वाक्य या प्रसंगात येशूच्या तोंडी नाहीच. वाक्याबद्दल दोघांचं एकमत आहे. भांडण पुढे सुरू होतं, शास्त्री विचारतो, पण माझा शेजारी कोण?

आणि मग चांगल्या शमरोनीची गोष्ट येते. यरुशलेमहून यरीहोला जाणारा माणूस, लुटलेला, अर्धमेला पडलेला, याजक बघून दुसऱ्या बाजूने जातो, लेवी, म्हणजे देवळातला सेवक, तोही बघून जातो, आणि थांबतो तो शमरोनी, ज्यांच्याशी ज्यू लोकांचं पिढ्यान् पिढ्या वाकडं, देऊळ वेगळं, पाण्याचं भांडं वेगळं. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो आणि वर सांगतो की जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. बघ किती बारीक सांगितलंय, पैशाचा हिशोबसुद्धा. आणि शेवटी येशू प्रश्न फिरवतो. शास्त्र्याने विचारलं होतं माझा शेजारी कोण, म्हणजे मी कोणाकोणावर प्रेम करायला बांधील आहे, यादी कुठे संपते. येशू विचारतो, या तिघांपैकी त्या पडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला? झाला! आणि शास्त्र्याला शमरोनी हा शब्द तोंडातून काढवत नाही, तो म्हणतो, ज्याने दया केली तो.

आता इथे माझं मत सांगते, कोणाला पटो न पटो. परक्याला मदत करा हे सगळीकडे आहे. पण परका तुम्हाला मदत करतोय, तुम्ही रस्त्यात पडलेले आहात आणि ज्याचा तुम्ही तिरस्कार करता तोच तुमच्यावर वाकलाय, आणि आता त्याच्याकडून शिका की शेजारी म्हणजे काय, ही कलाटणी मला दुसरीकडे इतक्या थोड्या शब्दांत भेटलेली नाही. गोष्टीत स्वतःला ठेवायची जागाच बदलते, आपण आपसूक शमरोनी होऊन बसतो ना, पण ऐकणारा ज्यू होता, त्याला स्वतःला ठेवायला जागा होती ती जमिनीवर.

मला ही गोष्ट कळली ती पुस्तकातून नाही. आमच्या शेजारच्या घराशी सांडपाण्याच्या नालीवरून चार वर्षं बोलणं बंद होतं, वडिलांनी तर त्यांच्या नावाने बोलायचंच सोडलं होतं. एका रात्री अडीच वाजता वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, घरात मी आणि आई, रिक्षा मिळेना, आणि आईचा आवाज ऐकून तेच शेजारी भिंतीवरून उडी मारून आले, बनियनवर, वडिलांना पाठुंगळी घेऊन त्यांच्या टेम्पोत घातलं आणि सकाळपर्यंत आयसीयूच्या बाहेर बसून राहिले, डिपॉझिटचे पैसे पण त्यांनीच भरले. वडील वाचले. शुद्धीवर आल्यावर त्यांना कळलं की कोणी आणलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ रडत होते. त्या दिवशी मला त्या शास्त्र्याला तो शब्द का उच्चारवत नव्हता ते कळलं. नालीचा प्रश्न पुढे वर्षभर तसाच होता हेही सांगते, पण बोलणं सुरू झालं.

दुसरी गोष्ट द्राक्षमळ्याच्या मजुरांची, मत्तय २०. तुझ्या मुलांना ही अशी भिडेल की बघच, कारण सकाळी नालासोपारा-वसईच्या नाक्यावर थापी आणि डबा घेऊन उभे असलेले लोक ती रोज बघतात. मालक पहाटे मजूर लावतो, दिवसाला एक दिनार ठरवून, मग नऊला, बाराला, तीनला, आणि पाचला परत नाक्यावर जातो तर अजून काही जण उभेच. विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही. त्यांनाही पाठवतो. आणि संध्याकाळी सगळ्यांना एकेक दिनार, शेवटी आलेल्यांना आधी. पहाटेचे चिडतात, आम्ही उन्हात राबलो आणि तासाभरासाठी आलेल्यांना तेवढेच? मालक म्हणतो, तुझं ठरलेलं मी तुला दिलं, माझं औदार्य तुझ्या डोळ्यात का खुपतं? मुलांना विचार, हे बरोबर आहे की अन्याय आहे. वर्ग दोन भागांत फुटेल आणि फुटू दे. पाचपर्यंत उभा असलेला माणूस आळशी नव्हता, त्याला कोणी घेतलं नव्हतं, म्हातारा असेल, लंगडत असेल, आणि दिनार म्हणजे त्या काळी एका दिवसाची मजुरी, एका घराचं त्या रात्रीचं जेवण, अर्ध्या दिनारात अर्धंच घर जेवतं. या गोष्टीतल्या शेवटच्या माणसावरून इंग्रज लेखक रस्किनने आपल्या पुस्तकाला नाव दिलं, ते पुस्तक गांधीजींनी १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना ट्रेनमध्ये वाचलं आणि त्यांना रात्रभर झोप लागली नाही, त्याचं सार त्यांनी गुजरातीत आणलं तेव्हा नाव दिलं सर्वोदय. मग तो शब्द घेऊन आपल्या कोकणातल्या गागोद्याचे विनोबा गावोगाव जमीन मागत चालले. एका गोष्टीचा प्रवास बघ कुठून कुठे.

गांधीजींचं अजून एक सांगण्यासारखं आहे. लंडनमध्ये विद्यार्थी असताना त्यांनी बायबल वाचायला घेतलं, जुना करार वाचताना कंटाळले, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले तर ते थेट हृदयात शिरलं असं ते लिहितात. आणि ते वाचताना त्यांना लहानपणी ऐकलेली श्यामळ भट्टांची गुजराती कविता आठवली, पाणी पाजणाऱ्याला चांगलं जेवण द्यावं असं सांगणारी. ओळखीचं निघालं म्हणून त्यांना ते कमी किमतीचं वाटलं नाही, उलट आनंद झाला. तुझ्या मुलाला तुकाराम आठवला तेव्हा हेच घडलं असणार, तू घाबरलीस एवढंच.

आता दादा. दादाशी भांडू नकोस. फादर स्टीफन्स माहितीयेत ना, इंग्लंडमध्ये जन्मलेले, १५७९ मध्ये गोव्याला आले आणि १६१६ मध्ये मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं. त्यात मराठीबद्दल लिहितात, जैसी हरळांमाजि रत्नकिळा, कि रत्नांमाजि हिरा निळा, तैसी भाषांमाजि चोखळा, भाषा मराठी. आता त्यांनी जगातल्या सगळ्या भाषा तपासून, मार्क देऊन हे लिहिलंय का? नाही ना. प्रेमात पडलेला माणूस असंच बोलतो, आणि असं बोललेलं खोटं नसतं. दादाचं, अशी शिकवण जगात कुठेच नाही, हे त्याच जातीचं वाक्य आहे. परक्या मुलखात एकट्या खोलीत ज्या पुस्तकाने त्याला धरून ठेवलंय त्याच्याबद्दल तो असंच बोलणार. ते प्रार्थनेत शोभतं. पण तेच वाक्य डिबेटमध्ये नेलं की मग बाकीच्यांची पुस्तकं न वाचता त्यांना हलकं ठरवावं लागतं, आणि तिथे ते त्याच पुस्तकाच्या विरोधात जातं.

दादा पुढे म्हणेल, तू लिहिलंयस की म्हणतोच, की हॉस्पिटलं कोणी काढली, गुलामगिरी कोणी बंद केली. त्यात बरंच खरं आहे आणि ते मोकळेपणाने मान्य कर. रोमन सम्राट ज्युलियन, ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक, त्याने इ. स. ३६२ च्या सुमाराला आपल्या एका पुजाऱ्याला पत्रात तक्रार केली की हे गालीली लोक, म्हणजे ख्रिस्ती, स्वतःच्याच काय आपल्याही गरिबांना पोसतात आणि आपण काही करत नाही. विरोधकाने दिलेलं हे सर्टिफिकेट आहे, याच्याहून मोठी साक्ष काय. पण गुलामगिरीचं म्हणशील तर दोन्ही बाजूंच्या हातात तेच पुस्तक होतं. इफिसकरांच्या पत्रात दासांनो धन्याची आज्ञा पाळा असं आहे आणि गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्यांना ते तोंडपाठ होतं. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी एक बायबल छापलं, त्यातून मोशे लोकांना मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामगिरीतून सोडवतो तो भागच काढून टाकला होता, जुन्या कराराचा बहुतेक भाग गायब. का काढला? कारण छापणाऱ्यांना माहीत होतं की गुलामांनी ते वाचलं तर काय होईल. मला ही गोष्ट दोन्हीकडून रडवते, पुस्तकाचा असा वापर झाला म्हणून, आणि पुस्तकात एवढी ताकद होती की मालकांना कात्री घ्यावी लागली म्हणून. आणि आपल्याकडे गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चाललं, मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत, ज्यांनी चालवलं त्यांच्याही टेबलावर डोंगरावरचं प्रवचन होतंच की. हे मुलांपासून लपवू नकोस, त्यांना मोबाईलवर ते कधीतरी सापडणारच आहे, तुझ्याकडून कळलेलं बरं. जसं आम्हाला आमच्या पोथ्यांतलं अस्पृश्यतेचं आणि बाईला हीन लेखणारं सगळं मुलांना सांगावं लागतं, मान खाली घालून पण सांगावं लागतं.

पंडिता रमाबाईंचं एक मला फार महत्त्वाचं वाटतं. लहानपणापासून हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत, कलकत्त्याच्या पंडितांनी पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलेली बाई, तिला काय नवीन वाक्य सांगणार कोणी? इंग्लंडला गेल्यावर लंडनमध्ये फुलहॅमला तिथल्या सिस्टर्सचं काम तिने पाहिलं, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांची त्या सेवा करत होत्या. रमाबाईंनी विचारलं, तुम्ही हे का करता, आणि उत्तर म्हणून एका सिस्टरने योहानचा चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवरची शमरोनी बाई, जिच्याशी येशू बोलत बसतो, तिच्याकडे पाणी मागतो. १८८३ मध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि नंतर हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. क्रम लक्षात घे, आधी त्या बायका दिसल्या, मग अध्याय वाचला गेला. तुझ्या प्रश्नाचं, मी इतकी वर्षं काय शिकवतेय, याचं उत्तर माझ्या मते इथे आहे. तू नवलाची वस्तू विकत नाहीयेस की दुसऱ्या दुकानात तीच मिळाली म्हणून तुझा माल खपणार नाही. तू मुलांना एका विशिष्ट माणसाच्या गोष्टी सांगतेयस आणि त्या गोष्टींनी त्यांच्या वागण्यात काही हललं तर तुझी वर्षं कामी आली. योहान १३ मध्ये येशू एकदाच नवी आज्ञा असा शब्द वापरतो, एकमेकांवर प्रीती करा, आणि त्यात नवं काय तर जशी मी तुमच्यावर केली तशी. आणि हे कधी म्हणतो तर थोड्या वेळापूर्वी गुडघ्यावर बसून शिष्यांचे पाय धुतल्यावर, जे काम गुलामाचं. पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात ते ही मुलं दरवर्षी बघतात. वेगळं काय विचारणाऱ्या मुलाला ते दाखव. ख्रिस्ती माणसाला येशूचं वेगळेपण वाक्यांपेक्षा येशूतच दिसतं, आणि ती श्रद्धेची गोष्ट आहे, ती मी तुला शिकवावी अशी नाही, तीच तू मला सांगू शकशील.

तुला अजून एक गंमत सांगते, तुमच्या अगदी घराजवळची. सोपाऱ्याला १८८२ मध्ये पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला आणि १९५६ मध्ये तुमच्या भुईगावला नवव्याचा. त्या नवव्या लेखात अशोक सांगतो की लोक आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, पण खरा विधी म्हणजे दास आणि नोकरांशी नीट वागणं, थोरांचा मान राखणं, प्राण्यांशी दयेने वागणं. येशूच्या अडीचशे वर्षं आधी, तुमच्या किनाऱ्यावर, दगडात. आणि याच मालिकेतला बारावा लेख, तो गिरनारला आहे, त्यात म्हटलंय की जो आपल्या पंथाच्या भक्तीपोटी स्वतःच्याच पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करतो तो आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो. दादाला हा लेख पाठव, प्रेमाने.

राहिला फादरांचा प्रश्न. मला वाटतं तू उगाच धास्ती घेतलीयस. २८ ऑक्टोबर १९६५ ला कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयी एक घोषणापत्र काढलं, नोस्त्रा एताते, त्यात स्पष्ट आहे की या धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही कॅथलिक चर्च नाकारत नाही. म्हणजे तुझ्या चर्चने साठ वर्षांपूर्वी दार उघडून ठेवलंय. आणि तुमच्या वसईतले फादर दिब्रिटो, ज्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यांच्या बोलण्यात-लिहिण्यात आपले संत सहज यायचे, तुझ्या फादरांना हे काही परकं वाटणार नाही. तरी वर्गात जायच्या आधी त्यांना भेट, लपवून करू नकोस, म्हण की असा प्रश्न आलाय आणि मी असं उत्तर देणार आहे, तुमचं काय म्हणणं. त्यांचं वेगळं काही मत असेल तर ऐक, श्रद्धेच्या बाबतीत ते तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त शिकलेत. कदाचित ते म्हणतील की येशू देवाचा पुत्र आहे हेही मुलांना सांगायला विसरू नकोस, तर सांग, तुझा त्यावर विश्वास आहे, ते सांगायला लाजायचं कशाला.

आणि वर्गात फार बोलू नकोस. त्या मुलालाच पुढे बोलव, जे का रंजले गांजले पूर्ण म्हणायला लाव, चालीत येत असेल तर चालीत, आणि लगेच त्याच्याच हातात मत्तय २५ दे, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलंत, तिथून चाळिसाव्या वचनापर्यंत वाच म्हणावं. मग सगळ्यांना पाच मिनिटं शांत बसू दे. काय सारखं वाटलं, काय वेगळं वाटलं ते त्यांना वहीत लिहू दे, आणि तू तपासायला घेऊ नकोस, नुसतं वाच.